पाहुण्याने सोबत काय आणले?

परदेशी समूहसहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवसासमोर बहुधा एकच ओळ असते: ऑकलंड येथे आगमन, हॉटेलकडे प्रस्थान, विश्रांती. पुढच्या दिवसांच्या वाट्याला गुहा, हिमनद्या, सरोवरे आणि बोटींच्या फेऱ्या येतात, आणि आगमनाचा दिवस मात्र सहलीच्या हिशेबात न धरण्याजोगा मानून उरकला जातो. न्यूझीलंडच्या बाबतीत ही समजूत फार चुकीची आहे. या देशाच्या दारात पाहुण्याला जे विचारले जाते, त्याच्या सामानात जे शोधले जाते आणि नंतर ज्या विधीने त्याला आत घेतले जाते, त्या सर्वांमागे या भूमीचा भूगर्भीय इतिहास आहे, तिथल्या पक्ष्यांचा संहार आहे आणि माणसांच्या पहिल्या भेटींमध्ये सांडलेले रक्तही आहे. तो दिवस समजून घेतला तर उरलेला देश समजणे सोपे जाते.

समूहसहल म्हणजे ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या मार्गाने, विमान, मुक्काम, जेवण आणि वाहन यांची व्यवस्था आधीच करून, मार्गदर्शकाच्या सोबतीने केलेला प्रवास. इंग्लंडमध्ये १८४१ साली टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोपर्यंत रेल्वेने मंडळी नेली, तेव्हापासून या पद्धतीची सुरुवात मानली जाते. महाराष्ट्रातून न्यूझीलंडला जाणारे गट मुख्यतः शाळांच्या सुट्ट्यांचा हिशेब धरून निघतात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत किंवा दिवाळीच्या सुमारास. आणि दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे पहिल्या गटाला तेथे पानगळ भेटते, तर दुसऱ्याला वसंत. मुंबई ते ऑकलंड हे हवाई अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर आहे. सिंगापूर किंवा अन्य एखाद्या शहरात विमान बदलून, सगळा वेळ धरला तर दिवसाचा बहुतांश भाग प्रवासात घालवल्यावर हा गट अशा देशात उतरतो, ज्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी, म्हणजे सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर आहे, पण लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी पुढे, म्हणजे एकट्या पुणे महानगराहूनही कमी आहे.

भारतीय पारपत्रधारकाला व्हिसा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो आणि त्यासोबत परदेशी पर्यटकांकडून घेतला जाणारा एक विशेष आकार भरावा लागतो. निसर्गसंवर्धन आणि पर्यटनाच्या सोयी यांसाठी २०१९ साली सुरू झालेला हा आकार तेव्हा ३५ न्यूझीलंड डॉलर होता. ऑक्टोबर २०२४ पासून तो १०० डॉलर झाला. या दोन्ही गोष्टी सहल कंपनी पार पाडते, त्यामुळे प्रवाशाला त्यांचा विचार करावा लागत नाही. तिसरी गोष्ट मात्र त्याची स्वतःची असते. ती म्हणजे प्रवासी घोषणापत्र, जे २०२३ पासून संगणकावर किंवा मोबाइलवर विनामूल्य भरता येते आणि ज्यात लहान मुलासह प्रत्येक प्रवाशाच्या नावाने उत्तरे द्यावी लागतात. टूर मॅनेजर हे पत्र भरायला मदत करतो, पण उत्तराची जबाबदारी ज्याच्या त्याच्या नावावर राहते. सामानात कोणतेही अन्न आहे काय, वनस्पती, बिया, लाकूड किंवा प्राणिजन्य वस्तू आहेत काय, रानावनात वापरलेले बूट, तंबू वा अन्य साहित्य आहे काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असतात. इतर देशांच्या सीमेवर पैसे, सोने आणि मद्य यांची जी चौकशी होते ती येथेही होते. परंतु येथील खरी चौकशी जिवंत वस्तूंची आहे.

या व्यवस्थेला जैवसुरक्षा म्हणतात. परक्या कीटकांनी, रोगजंतूंनी, तणांनी आणि प्राण्यांनी देशात शिरकाव करू नये यासाठी केलेला बंदोबस्त असा तिचा अर्थ आहे, आणि १९९३ साली संमत झालेल्या कायद्याने तिला बळ दिलेले आहे. पारपत्राची तपासणी होऊन सामान हाती आले की प्रवासी तपासणीच्या दालनात येतो. तेथे वास ओळखायला शिकवलेले कुत्रे, बहुधा बीगल जातीचे, बॅगांच्या रांगेतून फिरतात; क्ष-किरण यंत्रातून सामान जाते; आणि शंका आली तर अधिकारी बॅग उघडतो. घोषणापत्रात नमूद न केलेली धोक्याची वस्तू सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो आणि जाणूनबुजून खोटे लिहिल्याचे सिद्ध झाले तर खटला, मोठा दंड आणि कारावासापर्यंत प्रकरण जाऊ शकते. याउलट वस्तू नमूद केलेली असेल तर अधिकारी ती पाहतो, चालण्याजोगी असेल तर परत देतो, नसेल तर ठेवून घेतो, आणि दंडाचा प्रश्नच उद्भवत नाही. दालनाच्या आधी मोठ्या पेट्याही ठेवलेल्या असतात, ज्यांत विसरून राहिलेले सफरचंद किंवा विमानात मिळालेले फळ टाकून मोकळे होता येते. कायद्याचा रोख वस्तूपेक्षा लपवण्यावर अधिक आहे, हे ज्याच्या लक्षात आले त्याला या दालनाची भीती उरत नाही.

मराठी प्रवाशाच्या बॅगेला ही चौकशी विशेष लागू पडते, कारण प्रवास आणि खाऊ यांची आपल्याकडे कधी फारकत झालेली नाही. दिवाळीच्या सहलीत डब्यातून फराळ निघतो, वयस्कर मंडळींच्या पिशवीत मेतकूट, लोणचे आणि तुपाची बरणी असते, देवपूजेचा नेम असणाऱ्यांकडे सुपारी, अक्षता, एखादा नारळ, तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ असते. यांतील प्रत्येक वस्तूकडे न्यूझीलंडचा अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो. रुद्राक्ष त्याच्या दृष्टीने बी आहे, तुळशीची माळ लाकूड आहे, मोरपीस प्राणिजन्य वस्तू आहे आणि नारळ हे फळ आहे. हिरवी मिरची, लिंबू, कढीपत्ता अशा ताज्या वस्तूंना तर आत येण्याची आशाच नसते. कारखान्यात बंद केलेली, आतील घटकांची नावे छापलेली पाकिटे त्या मानाने सुटतात; घरी तळलेल्या, निनावी डब्यातल्या पदार्थाविषयी अधिकाऱ्याला काहीच ठरवता येत नाही, म्हणून त्याचा निर्णय बहुधा नकाराकडे झुकतो. ज्या घरात तो डबा रात्री जागून भरला गेला त्या घरच्या माणसाला याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु नकारामागील कारणे ऐकली तर मन थोडे शांत होते.

दुधाच्या पदार्थांचे कारण असे. आपल्याकडील गाई-म्हशींना होणारा लाळ्या खुरकूत हा रोग, ज्यात जनावराच्या तोंडात व खुरांत फोड येतात, दूध आटते आणि साथ गावोगाव पसरते, तो न्यूझीलंडमध्ये आजवर एकदाही आलेला नाही. त्या देशाच्या मालाच्या निर्यातीत दुग्धजन्य पदार्थांचा क्रमांक पहिला लागतो. साथीचे एक प्रकरण जरी आढळले तरी परदेशच्या बाजारपेठा त्याच दिवशी बंद होण्याचा धोका आहे. रोगाचा विषाणू दुधात, मांसात आणि बुटाला चिकटलेल्या शेणमातीतही टिकतो, म्हणूनच गेल्या महिन्यात गोठ्यात किंवा शेतात गेला होता काय, हा प्रश्न शहरी पर्यटकालाही विचारला जातो. धान्य-कडधान्यांबाबत भीती आहे ती खापरा भुंग्याची. मूळच्या भारतीय उपखंडातल्या या किड्याची अळी साठवलेल्या तांदूळ-गव्हाचा भुसा करते आणि अन्नावाचून दीर्घकाळ सुप्त राहू शकते. एकदा गोदामात शिरली की तिला काढणे महाकठीण. फळांबाबत धास्ती फळमाशीची आहे. २०१५ साली ऑकलंडच्या ग्रे लिन या उपनगरात क्वीन्सलँड फळमाशी आढळली, तेव्हा तेवढ्या वस्तीतून फळे बाहेर नेण्यास मनाई करण्यात आली, परसातील झाडे एकेक करून तपासली गेली आणि माशीचा निःपात झाल्याचे जाहीर व्हायला वर्षअखेर उजाडली. २०१० साली ते पुके परिसरात किवीफळांच्या वेलींना लागलेल्या जिवाणूजन्य रोगाने बागाच्या बागा तोडायला लावल्या होत्या. मधाला तर प्रवाशाच्या बॅगेत मज्जाव आहे, कारण मधमाश्यांचे रोग मधातून प्रवास करतात.

शेतीचे नुकसान हे मात्र अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी फार मागे जावे लागते. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग गोंडवन नावाच्या महाखंडापासून तुटून वेगळा होऊ लागला. (हे नाव मध्य भारतातील गोंडवनावरूनच भूशास्त्रज्ञांनी दिलेले आहे, ज्या खडकांच्या अभ्यासातून ते रूढ झाले त्या खडकांचा विस्तार विदर्भाच्या कोळसापट्ट्यातही आहे.) त्यानंतरच्या एकांतात येथे असे जग घडले की माणूस येऊन पोहोचला तेव्हा जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणून वटवाघळांखेरीज काहीही नव्हते. उंदीर, मांजर, मुंगूस, कोल्हा यांपैकी कोणीच नसल्यामुळे जमिनीवर चरण्याचे, किडे वेचण्याचे, बिया पसरवण्याचे काम पक्ष्यांनी उचलले आणि उडण्याची गरज न उरलेल्या अनेकांचे पंख निकामी झाले. किवी जमिनीतील बिळात अंडे घालतो. काकापो हा जड, हिरवा, निशाचर पोपट धोका दिसला की जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. आकाशातून डोळ्यांनी शिकार हेरणाऱ्या गरुडापासून बचाव करायला ही युक्ती पुरेशी होती. नाकाने हुंगत येणाऱ्या प्राण्यापुढे ती आत्मघातकी ठरली.

असे प्राणी आले ते पाहुण्यांच्या सामानातून. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिनेशियातून होड्यांनी आलेल्या माओरींच्या पूर्वजांसोबत किओरे हा छोटा उंदीर आणि कुरी हा कुत्रा आला. आणि मान उंचावल्यावर साडेतीन मीटरपर्यंत पोहोचणारे, पंखांचा मागमूसही नसलेले मोआ पक्षी शिकारीमुळे दोन शतकांच्या आत संपले. युरोपीय जहाजांमधून मोठे उंदीर आणि मांजरे उतरली. फरच्या व्यापारासाठी १८३७ सालापासून ऑस्ट्रेलियातून पॉसम आणण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि त्या झाडावर चढणाऱ्या, कोवळी पालवी व अंडी खाणाऱ्या प्राण्याने पुढे जंगलेच्या जंगले ओरबाडली. शिकारीच्या हौसेसाठी आणलेले ससे कुरणे फस्त करू लागले, तेव्हा त्यांना आवरण्यासाठी १८८० च्या दशकात स्टोट हे मुंगसासारखे चपळ जनावर आणण्यात आले. पक्ष्यांच्या जाणकारांनी त्याही वेळी इशारा दिला होता आणि तो खरा ठरला, कारण स्टोटला सशापेक्षा किवीचे पिल्लू पकडणे सोपे गेले. आज काकापोंची संख्या अडीचशेच्या आसपास आहे आणि त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिलेले आहे. उंदीर, स्टोट व त्याचे भाऊबंद आणि पॉसम यांचा २०५० पर्यंत संपूर्ण नायनाट करण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१६ साली जाहीर केले. इतके सोसल्यावर हा देश दारातच उभा राहून पाहुण्याच्या बुटाचा तळवा उलटा करून पाहतो, यात त्याला कठोर म्हणता येत नाही.

तपासणी आटोपून पाहुणे बाहेर पडतात. ऑकलंडच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर आगमनाच्या वाटेत लाकडात कोरलेले माओरी प्रवेशद्वार उभे केलेले आहे आणि तेथे स्थानिक पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात. थकलेली मंडळी त्या खालून डोळे न उचलता निघून जातात, हे खरोखर दुर्दैव आहे. टूर मॅनेजरने येथे गट पाच मिनिटे थांबवला तर ती पाच मिनिटे सार्थकी लागतील. बाहेर बस उभी असते. रस्त्याची डावी बाजू ओळखीची, नळाचे पाणी पिण्याजोगे, विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट. पण भिंतीवरील खोबणी तिरक्या पात्यांच्या, त्यामुळे जोडणीचा अडॅप्टर लागतोच. बसचालक हा तेथे बहुधा निवेदकही असतो. त्याच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत: साडेपाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि चोवीस तासांत तेरा तासांहून अधिक काम नाही. भारतीय गटांना सवयीचा असलेला ‘अजून एक ठिकाण दाखवा ना’ हा आग्रह येथे चालकाने नाकारला तर त्याला उद्धटपणा समजू नये.

आगमनाच्या दिवशी सर्वांत जास्त गोंधळलेले असते ते शरीर. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदापाशी, हजारो पेशींचा एक पुंजका असतो, जो झोप, भूक, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरके यांचा दैनंदिन ताल सांभाळतो. या अंतर्गत घड्याळाचा आणि बाहेरच्या घड्याळाचा मेळ सुटणे म्हणजेच जेट लॅग. न्यूझीलंडचे घड्याळ भारताच्या साडेसहा तास पुढे आहे आणि सप्टेंबरअखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत, उन्हाळी वेळ लागू असताना, साडेसात तास. पूर्वेकडे गेलेल्या माणसाला आपले घड्याळ पुढे ओढावे लागते, आणि ते मागे ढकलण्यापेक्षा कठीण असते. ढोबळ हिशेबाने तासाला एक दिवस लागतो. रात्री अकराला अंथरुणावर पडले तरी शरीराच्या लेखी दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात, तर सकाळी सातच्या न्याहारीला मध्यरात्र असते. यावर सर्वांत प्रभावी उपाय सूर्यप्रकाशाचा आहे, पण तोही वेळ पाहून. नेहमी सकाळी सहा-सातला उठणाऱ्या माणसाचे शरीर पहाटे चारच्या सुमारास सर्वांत थंड असते, आणि त्या क्षणानंतर मिळालेला प्रकाशच घड्याळ पुढे सरकवतो. तो क्षण न्यूझीलंडमध्ये साधारण साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान येतो. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी खोलीचे पडदे ओढून झोपण्यापेक्षा बागेत फिरणे हितावह, मात्र टोपी आणि त्वचेवर सूर्यरक्षक मलम लावून. कारण विरळ ओझोन, स्वच्छ हवा आणि दक्षिणेच्या उन्हाळ्यात सूर्याशी जवळ आलेली पृथ्वी यांमुळे तेथील अतिनील किरण उत्तरेकडील तितक्याच अक्षांशापेक्षा पुष्कळ प्रखर असतात. हवा थंड लागते आणि कातडी भाजते.

त्या बागेत आणखी एक गोष्ट जाणवते. दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि त्याच्याकडे तोंड करून उभे राहिल्यास तो उजवीकडून डावीकडे जातो. रात्री झोप येत नसल्याने खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला चंद्र उलटा दिसतो, ध्रुवतारा तर कोठेच सापडत नाही, कारण तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला क्षितिजावर येतच नाही. पण एक तारा ओळखीचा निघतो. मुंबईतून हिवाळ्यात दक्षिण क्षितिजाच्या थोडाच वर, अठरा अंशांपर्यंत चढणारा अगस्त्य तेथे माथ्याजवळून जातो, आणि वेलिंग्टनपासून दक्षिणेकडे तर तो कधी मावळतच नाही. दक्षिणेस गेलेले अगस्त्य ऋषी परत आले नाहीत, ही कथा लहानपणी ऐकलेल्या मराठी माणसाला तो तेथे कायमचा वस्तीला गेल्यासारखा भासला तर नवल नाही. माओरी लोक त्याला आतुताही म्हणतात. आपल्या कृत्तिकांना ते मातारिकी म्हणतात. हिवाळ्यात पहाटे त्यांचा उदय झाला की त्यांचे नवे वर्ष सुरू होते, आणि २०२२ पासून तो देशाचा सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

अशाच ताऱ्यांच्या उदयास्तावरून, लाटांच्या दिशांवरून आणि पक्ष्यांच्या उड्डाणांवरून माग काढत पॉलिनेशियाचे नाविक या किनाऱ्यांना लागले. माणसाने वसवलेला पृथ्वीवरचा हा शेवटचा मोठा भूभाग आहे. येथील प्रत्येक समाजाला आपण आलो तो क्षण आठवतो, आणि माओरी व्यक्ती रीतीने स्वतःची ओळख करून देते तेव्हा आपला पर्वत, आपली नदी आणि आपले पूर्वज ज्या होडीतून आले तिचे नाव सांगते. आपल्याकडे नव्या माणसाला मूळ गाव विचारतात, तसे तेथे होडी विचारतात. होडीला त्यांचा शब्द आहे वाका, आणि आजच्या बोलण्यात मोटार किंवा बस हीसुद्धा वाकाच असते.

नंतरच्या पाहुण्यांचे आगमन मात्र दुखरे झाले. डिसेंबर १६४२ मध्ये डच दर्यावर्दी आबेल तास्मान दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाशी नांगर टाकून थांबला, तेव्हा माओरींनी होड्यांतून येऊन शिंगासारखे वाद्य फुंकले. ते बहुधा आव्हान होते: कोण आहात, कशासाठी आलात? डचांनी ते स्वागत समजून आपल्या तुताऱ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीच्या चकमकीत तास्मानची चार माणसे मारली गेली आणि देशाच्या मातीवर पाऊल न ठेवताच तो निघून गेला. ऑक्टोबर १७६९ मध्ये जेम्स कुक आजच्या गिझबर्नजवळ उतरला, त्या पहिल्याच भेटीत ते मारो नावाचा माणूस गोळीने मेला. दुसऱ्या दिवशी कुकच्या जहाजावरील ताहितीकडचा पुरोहित-नाविक तुपाइया बोलला, तेव्हा त्याची भाषा किनाऱ्यावरील लोकांना समजते हे सर्वांच्या लक्षात आले, आणि नदीतील एका खडकावर एक माओरी पुरुष व कुक यांनी एकमेकांच्या नाकाला नाक लावून अभिवादन केले. तरीही त्या दिवशी आणखी माणसे मरायची राहिली नाहीत.

कुक आला त्याच वर्षी डिसेंबरात आलेले आणखी एक जहाज भारतातून निघालेले होते, आणि त्याची कहाणी कमी सांगितली जाते. बंगाल व पुद्दुचेरीहून व्यापारासाठी निघालेल्या या फ्रेंच जहाजाचा कप्तान जाँ-फ्रान्स्वा-मारी द सुर्व्हिल होता आणि खलाशांत भारतीय लस्करही होते. जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने त्यातील माणसे भराभर मरत होती. उत्तर बेटाच्या टोकाजवळ स्थानिक माओरींनी त्यांना पाणी, मासे आणि हिरवा पाला देऊन जगवले. पुढे वादळात सुटून किनाऱ्याला लागलेली एक छोटी नाव स्थानिकांनी घेतली, एवढ्या कारणावरून सुर्व्हिलने झोपड्या जाळल्या आणि रांगीनुई या प्रमुखाला पकडून जहाजावर नेले. मार्च १७७० मध्ये रांगीनुई भर समुद्रात मरण पावला. थोड्याच दिवसांनी पेरूच्या किनाऱ्यावर सुर्व्हिलही बुडाला. यजमानाने जीव वाचवला आणि पाहुण्याने त्याचाच जीव घेतला, याहून आगमनाची वाईट तऱ्हा दुसरी नसेल.

पोफिरी हा माओरी स्वागतविधी या प्रसंगांहून पुष्कळ जुना आहे, पण त्याची गरज काय, हे या प्रसंगांवरून कळते. अनोळखी माणूस मित्र आहे की शत्रू, हे ठरेपर्यंत दोन्ही बाजूंना सुरक्षित अंतरावर ठेवून, मग ते अंतर टप्प्याटप्प्याने मिटवणे, हा त्याचा हेतू. भूमीचे लोक म्हणजे तांगाता फेनुआ आणि आलेले ते मानुहिरी. समूहसहलीला तो बहुधा ऑकलंडहून बसने तीनेक तासांवरील रोटोरुआत अनुभवायला मिळतो. गरम पाण्याचे फवारे आणि उकळता चिखल यांच्या या गावात मार्गदर्शकाचा पेशाही जुना आहे: १८८६ साली तारावेरा ज्वालामुखीच्या उद्रेकात गडप होण्यापूर्वी येथील गुलाबी व पांढऱ्या पायऱ्यांसारख्या खडकरचना पाहायला जगभरातून लोक येत, आणि त्यांना सोफिया हिनेरांगीसारख्या माओरी स्त्रिया घेऊन जात. त्यांच्या नंतरच्या पिढीतील माकेरेती, जिला पर्यटक मॅगी पापाकुरा म्हणून ओळखत, ती पुढे ऑक्सफर्डमध्ये स्वतःच्या समाजावर संशोधन करू लागली. १९०१ साली सरकारने पर्यटनासाठी स्वतंत्र खाते काढले, जगातील असे पहिलेच. त्याच वर्षी इंग्लंडचा युवराज रोटोरुआला आला असता एका माओरी मार्गदर्शिकेने आपल्या केसांतील हुइया पक्ष्याचे पीस काढून आदराने त्याच्या टोपीत खोवले. तसे पीस टोपीत लावण्याची फॅशन पसरली, आधीच विरळ झालेल्या हुइयाची शिकार वाढली, आणि १९०७ नंतर तो पक्षी दिसल्याची खात्रीची नोंद नाही.

विधीच्या आधी गटातून एकाला प्रमुख निवडले जाते, बहुधा एखाद्या पुरुषाला. प्रांगणाच्या सीमेवर सर्वांनी गप्प उभे राहायचे असते. आतून भाला परजत, डोळे वटारत, जीभ बाहेर काढत एक योद्धा येतो आणि जमिनीवर एक पान किंवा छोटी काठी ठेवतो. हे वेरो, म्हणजे आव्हान. प्रमुखाने नजर न हटवता ती उचलली की शांततेने आल्याचे सांगून होते. येथे हसणे, जिभेची नक्कल करणे हा खरा अपमान आहे आणि टूर मॅनेजरने तो बसमध्येच समजावून सांगायला हवा. मग यजमान स्त्रीची लांबवर जाणारी हाक उठते, ती कारांगा. तिच्या सुरावर पाहुणे आत चालत जातात. भाषणे होतात, गाणी होतात. पाहुण्याने आणलेली भेट, कोहा, जमिनीवर ठेवली जाते. पूर्वी ती अन्न किंवा विणलेले वस्त्र असे, आता लिफाफा असतो, आणि सहलीत त्याची जागा तिकिटाने घेतलेली असते. शेवटी होंगी: कपाळ आणि नाक टेकवून एकाच श्वासाचे दोघांत वाटप.

आणि मग जेवण, कारण विधीची पवित्र बंधने अन्नानेच सुटतात. जमिनीत खड्डा खणून, तापवलेल्या दगडांवर टोपल्या ठेवून, माती लोटून शिजवलेल्या या अन्नाला हांगी म्हणतात. त्यात मांस असते, त्यामुळे शाकाहारी मंडळींसाठी वेगळी टोपली सांगून ठेवावी लागते. तिच्यात हमखास असते ते कुमारा, म्हणजे आपले उपवासाचे रताळे. मूळ दक्षिण अमेरिकेचे हे कंद युरोपीय जहाजांच्या कितीतरी आधी पॉलिनेशियात पोहोचले आणि तेथून होड्यांतून न्यूझीलंडला आले. उष्ण प्रदेशातील पीक थंडीत कुजू नये म्हणून माओरींनी त्यासाठी जमिनीखाली कोठारे खणली. आज शेतात असलेल्या मोठ्या रताळ्यांच्या जाती बहुतांशी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वाणांपासून निघालेल्या आहेत. वाफाळलेले रताळे पानात येते तेव्हा त्याला मातीचा आणि धुराचा वास असतो, आणि ज्यांचा फराळाचा डबा विमानतळावर राहिला ती मंडळी ते मीठ लावून खातात.